शोगुनानं अडवलं नव्हतं

—नाही हो, उठू नका, बसा, ही पिशवी माझीच आहे, काढतो ना मी, पाण्याची बाटली आहे आणि थोडा चिवडा, विमानातून उतरल्यावर माणसाला भूक लागते — बसा तुम्ही. फोनवर मराठी ऐकलं म्हणून म्हटलं बोलावं. साताऱ्याकडचे ना? 'आलोय की इथं' म्हणालात, तेव्हाच ओळखलं. मी नाशिकचा, नाशिकरोड, सदानंद गायधनी, दोह्यात एकोणीस वर्षं झाली. तुम्ही कुणाला घ्यायला आलात? सासूबाई, अरे वा — हैदराबादहून येतंय ते, हां, त्याला तासभर आहे अजून, बोर्डावर दिसतंय बघा. माझं मुंबईचं. ते कधीच उतरलं, अकराला. आता बारा व्हायला आले — नाही, काळजीचं काही नाही, इमिग्रेशनला रांग असते, सामान यायला वेळ लागतो, त्यात शुक्रवार. शिवाय ती येणारच आहे असंही काही नाही. म्हणजे विमान आलंय, एवढं नक्की. त्यात ती आहे की नाही ते मला माहीत नाही. बायको. हो, माझीच. विजयालक्ष्मी. आता बायको विमानात बसली की नाही हे नवऱ्याला माहीत नाही, हे तुम्हाला विचित्र वाटतंय, आणि वाटायलाच हवं — मला वाटत नाही यातच सगळं आलं. सांगतो. तेवढाच वेळ जाईल. नाहीतर मी त्या दाराकडे टक लावून बसणार आणि तो सिक्युरिटीवाला पुन्हा येणार विचारायला, सर, काही प्रॉब्लेम आहे का म्हणून. दोनदा येऊन गेलाय.

जपानचा इतिहास माहितीये का तुम्हाला? हसू नका, त्याचा संबंध आहे. दोह्यात कुणीही मराठी माणूस माझ्या तावडीत सापडला की त्याला जपान ऐकावं लागतं, इथल्या मराठी मंडळात मला मागून 'शोगुन' म्हणतात, मला वाटायचं कौतुकानं म्हणतात. झालं काय, मी इथं पहिल्यांदा आलो तेव्हा रास लफानच्या गॅस प्रोजेक्टवर मोरीता-सान म्हणून एक जपानी साहेब होते. सकाळी बसमध्ये तास, संध्याकाळी तास, आणि शेजारी मी. त्यांना बोलायला कुणीतरी हवं होतं आणि मला इंग्रजी सुधारायचं होतं. जाताना त्यांनी मला एक जाडजूड पुस्तक दिलं, शोगुनांच्या अडीचशे वर्षांवरचं. इथल्या नजमा भागात एका खोलीत आम्ही चौघं राहायचो, टीव्हीवर तिघांची मेजॉरिटी, ते मल्याळी सिनेमे लावायचे — मग मी काय करणार, पुस्तक वाचलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं, पाचव्यांदा वाचलं तेव्हा मला वाटायला लागलं की हे मीच लिहिलंय.

तर जपानात बादशहा होता, पण नावापुरता. खरा कारभार सेनापतीच्या हातात, त्याला म्हणायचे शोगुन. तुम्ही साताऱ्याचे, तुम्हाला हे काय सांगायचं, गादी एकीकडे आणि कारभार दुसरीकडे, ते तुम्हाला घरातलं. शोगुनाच्या हाताखाली दाइम्यो — म्हणजे आपले सरदारच म्हणा, ज्याचा त्याचा मुलूख, ज्याची त्याची फौज. शोगुनाला सतत भीती, यातला कोण कधी उलटेल. म्हणून तिसरा शोगुन झाला इएमित्सु, त्यानं सोळाशे पस्तीस साली नियम केला — प्रत्येक दाइम्योनं एक वर्ष आपल्या मुलखात राहायचं, एक वर्ष राजधानीत, एदोला, शोगुनाच्या नजरेसमोर. आणि बायको आणि वारस मात्र कायम एदोलाच. ओलीस. गोड शब्दात, पण ओलीस. म्हणजे दाइम्यो दर वर्षी पुढं-मागं पुढं-मागं करणार, आणि मुलं बापाला एक वर्ष बघणार, एक वर्ष नाही बघणार. रस्त्यावर चौक्या होत्या, तिथं दोनच गोष्टी तपासायचे, एदोकडे जाणारी बंदूक आणि एदोतून बाहेर पडणारी बाई. बंदूक आत आली म्हणजे बंड, बाई बाहेर पडली म्हणजेही बंडच, कारण बायको सुखरूप घरी पोचली की दाइम्यो मोकळा. त्या चौकीवर म्हाताऱ्या बायका नेमलेल्या असायच्या, त्या जाणाऱ्या बाईचे केस सोडून सोडून बघायच्या, दाखल्यावर लिहिलेलं वर्णन जुळतं की नाही ते. हे मी रंगवून सांगतो. टाळ्या मिळतात याला.

आता तुम्ही म्हणाल, हे छान आहे, पण तुमची बायको कुठे. सांगतो. मी निघालो तेव्हा आमची पूर्णिमा पाच वर्षांची होती. विजयालक्ष्मीची पोस्टात नोकरी, नाशिकरोडलाच. ठरलं काय, तर मी दोन वर्षं जाईन, जरा बस्तान बसलं की दोघींना घेऊन जाईन. बॅचलर स्टेटस होतं माझं, म्हणजे कंपनी फॅमिली आणू द्यायची नाही, ते खरंच होतं, पहिली आठ वर्षं अगदी शंभर टक्के खरं. दर शुक्रवारी दुपारी मी फोन करायचो आणि पूर्णिमाला एक गोष्ट सांगायचो. राजपुत्राच्या गोष्टी मला येत नव्हत्या, मग शोगुनाच्या सांगायचो. कुठल्या दाइम्योनं मिरवणुकीत किती भाले नेले, चौकीवरची म्हातारी कशी होती, कोण कसं वेष बदलून निसटलं. पहिलीत असताना तिनं वर्गात सांगितलं की माझे बाबा शोगुनाकडे नोकरीला आहेत. बाईंनी विजयालक्ष्मीला शाळेत बोलावून घेतलं. आम्ही हसलो खूप. फोनवर हसलो.

आणि आठव्या वर्षी पत्र आलं. माझी ग्रेड वाढली, फॅमिली स्टेटस मिळालं, नजमातच कंपनीनं फ्लॅट दिला, दोन बेडरूमचा. पत्र हातात घेतलं आणि — आता हे मी तुम्हाला का सांगतोय मला कळत नाही, तुमचं नावसुद्धा विचारलं नाही मी अजून — पत्र हातात घेतलं आणि म्हटलं, शुक्रवारी सांगू. शुक्रवार आला, पूर्णिमाची परीक्षा होती, म्हटलं परीक्षा झाल्यावर सांगू. परीक्षा झाली, मग विजयालक्ष्मीच्या आईचं पडणं झालं, मग दिवाळी, मग म्हटलं आता सुट्टीवर जातोच आहे, समोरच सांगू. गेलो. तीस दिवस राहिलो. सांगितलं नाही. परत आलो. एकदा नाही सांगितलं ना, की दुसऱ्यांदा सांगताना पहिल्यांदा का नाही सांगितलं ते आधी सांगावं लागतं, आणि तिसऱ्यांदा तर — खलास. घरी सांगत राहिलो की कंपनी परवानगी देत नाही. आणि इथल्या लोकांना काय सांगितलं? ते विचारायचे ना, दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, वहिनींना का आणत नाही? त्यांना सांगितलं की तिलाच यायचं नाही, तिची नोकरी आहे, सासरची जबाबदारी आहे. दोन्हीकडे दोन वेगळ्या गोष्टी. एवढं प्लॅनिंग मी ऑफिसात केलं असतं तर आज मॅनेजर असतो. मध्यंतरी इथल्या सरकारनं भारतीयांना यायचं सोपं करून टाकलं, पेपरात आलं, तर मी तीन शुक्रवार घरी फोनवर हवामानावर बोललो, त्यांनी पेपर वाचू नये म्हणून. अकरा वर्षं. शोगुनानं अडीचशे वर्षं चालवलं, पण त्याच्याकडे फौज होती. मी एकट्यानं चालवलं.

नाही, दुसरं कुणी नव्हतं. तुमच्या डोळ्यांत आलं ते. येतंच सगळ्यांच्या. कुणी असती तर निदान सांगायला बरं पडलं असतं. कुणी नव्हतं, मी होतो आणि खिचडी होती.

मग या जानेवारीत पूर्णिमा आली. चोवीस वर्षांची आहे, पुण्यात जपानीचं भाषांतर करते एका कंपनीत — हो, जपानीच शिकली ती, आता विचारा का. कंपनीच्या कामासाठी तिला दुबईला पाठवलं होतं, तिथून म्हणाली दहा दिवस तुमच्याकडे येते, विचारलं नाही तिनं, कळवलं. मी काय करणार? आणायला आलो, याच बाकावर बसलो होतो. घरी नेलं. तिनं चपला काढल्या, हॉल बघितला, स्वयंपाकघर बघितलं, चार बर्नरची शेगडी बघितली, मग आतल्या दुसऱ्या खोलीचं दार उघडलं. त्यात खोकी. टीव्हीची, मिक्सरची, पुस्तकांची, छतापर्यंत. म्हणाली, बाबा, तुम्ही फोनवर नेहमी खोली म्हणायचात. मी म्हटलं, हो, खोलीच, म्हणजे दोन खोल्या. तिनं दार लावून घेतलं. तुम्ही म्हणते ती मला. आईला 'तू', मला 'तुम्ही'. मी ऑफिसात मोठ्या अभिमानानं सांगायचो, आमच्या मुलीवर संस्कार बघा, बापाला अहोजाहो करते. आदर कसला हो. पाहुण्याशी तसंच बोलतात.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मंडळात माझं व्याख्यान ठरलेलं. 'शोगुनांचं जपान', चार महिने आधीपासून मीच मागं लागून ठरवून घेतलेलं, आमचे अध्यक्ष आबासाहेब अगदी कंटाळून हो म्हणाले. अबू हमूरला शशिकलावहिनींच्या व्हिलात, खालच्या हॉलमध्ये, शुक्रवारी दुपारी, आधी जेवण. त्यांचा नवरा धवल आणि मी एकाच ग्रेडचे, एकाच वर्षी पत्र मिळालेले. तर मी प्रोजेक्टरची वायर लावत होतो आणि मागं शशिकलावहिनी पूर्णिमाला श्रीखंड वाढत होत्या. आणि मी ऐकलं. त्या अगदी प्रेमानं म्हणाल्या, अगं तुझ्या आईला एकदा तरी घेऊन यायचंस, अकरा वर्षं झाली यांच्या फ्लॅटला, आम्ही सगळ्या एकाच वेळी आलो, फक्त तुझी आईच नको म्हणाली, तिला नाहीच का आवडत परदेश? वायर माझ्या हातात. मागं वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. पूर्णिमा काय म्हणाली? म्हणाली, श्रीखंड छान झालंय काकू. बस, एवढंच.

आणि मी व्याख्यान दिलं. हो, दिलं ना. दुसरा कुणी असता तर पोटात दुखतंय म्हणून निघून गेला असता, पण साठ माणसं बसलेली, पहिली स्लाइड पडद्यावर, आणि तुम्हाला काय सांगू — छान झालं हो व्याख्यान. माझं आजवरचं सगळ्यांत चांगलं. त्या मिरवणुकांचं सांगितलं, दाइम्यो निघाला की बरोबर शेकडो माणसं, मोठा असला तर हजारो, पण दोन गावांच्या मध्ये रानातून चालताना सगळे ढिले, कुणी भाला खांद्यावर टाकलाय, कुणी गवती चपलेची दोरी बांधतोय, आणि गाव जवळ आलं की एकदम ओळ, ताठ मान, पुढून आरोळी, खाली बसा, खाली बसा. गर्दी कमी दिसू नये म्हणून वेशीबाहेर भाड्यानं माणसं घ्यायचे. लोक खूप हसले. मी पण हसलो, कारण मला माहीत होतं ना मी काय करतो. दर वर्षी सुट्टीवर जाताना मुंबईहून गाडी करतो आणि इगतपुरीला थांबवतो. तिथल्या हॉटेलच्या बाथरूममध्ये शर्ट बदलतो, इस्त्रीचा, कडक, अत्तर लावतो, घड्याळ घालतो. मग नाशिकरोडला उतरतो. गल्लीतली पोरं धावत येतात, कतारचे काका आले. हे मी व्याख्यानात सांगितलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

मी व्याख्यान नेहमी अमेरिकेची काळी जहाजं जपानच्या किनाऱ्याला लागतात तिथं संपवतो, जोरदार वाटतं. टाळ्या झाल्या. आबासाहेब म्हणाले कुणाला काही विचारायचंय का, कुणी विचारत नाही कधी, सगळ्यांना चहा हवा असतो. पूर्णिमा उभी राहिली. पहिल्या ओळीत बसली होती. म्हणाली, जहाजं आल्यानंतर नऊ वर्षांनी, अठराशे बासष्टला, शोगुनानं हा नियम सैल केला. बायकामुलांना मोकळं केलं, आपापल्या मुलखात जा म्हणून सांगितलं. हे तुम्ही सांगितलं नाही. मी म्हटलं, वेळेअभावी. लोक हसले. मग ती म्हणाली, माझा प्रश्न असा आहे, की समजा एखाद्या दाइम्योनं तो हुकूम आपल्या बायकोला कळूच दिला नाही. तर?

साठ माणसं, आणि त्यांना वाटलं काय हुशार मुलगी आहे, बापावर गेलीये. शशिकलावहिनी माझ्याकडे बघून कौतुकानं मान हलवत होत्या. मी पाण्याचा घोट घेतला. आणि म्हणालो, असा दाखला इतिहासात सापडत नाही. अगदी भारदस्त आवाजात. तिनं मान डोलावली. म्हणाली, हो, मलाही नाही सापडला. आणि बसली. मग आबासाहेबांनी मला पुष्पगुच्छ दिला आणि तो तिच्याच हातून द्यायला लावला. फोटो आहे. दाखवू? नको, राहू दे.

गाडीत बसलो. मीच बोलायला लागलो, म्हटलं इथला उन्हाळा तुम्हाला झेपला नसता, म्हटलं तुझ्या शाळेचं नुकसान झालं असतं, म्हटलं आईची पेन्शन गेली असती. एक कारण संपलं की दुसरं. ती ऐकून घेत होती. सगळी कारणं संपली तेव्हा म्हणाली, मी तेरा वर्षांची होते. बाकी काही नाही. सिग्नल हिरवा झाला होता, मागचा हॉर्न मारत होता. मग घराखाली गाडी लावल्यावर म्हणाली, आईला तुम्ही सांगणार की मी? मी म्हटलं, मी. ती म्हणाली, कधी, ते मात्र मला सांगू नका, शुक्रवारी सांगतो असं तर अजिबात सांगू नका. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं गेली. दहा दिवसांतले चार उरले होते.

का केलं मी असं? तुम्ही विचारलं नाहीत पण तोंडावर दिसतंय. हे मी तिलाही सांगितलेलं नाही. आमच्या ऑफिसात जैद म्हणून मॅनेजर आहे, बत्तीस वर्षांचा, वाईट नाही हो पोरगा, पण शेड्यूल चुकलं की सगळ्यांसमोर म्हणतो, अंकल, प्लीज. एवढंच. अंकल, प्लीज. आणि मी खाली मान घालून, सॉरी सर, म्हणतो आणि खुर्चीत बसतो. इथं मी तो आहे. मोठ्या टेबलाच्या कोपऱ्यात बसणारा, कुणी विचारलं तरच बोलणारा. तिकडं नाशिकरोडला मी कतारचे साहेब. तीस दिवस पुरणपोळी, तीस दिवस शेजारचे भेटायला, लग्नाच्या बैठकीत मला पुढं बसवतात. विजयालक्ष्मी इथं आली असती तर तिनं काय बघितलं असतं? संध्याकाळी घरी येणारा हा माणूस बघितला असता, अंकल प्लीजवाला. रोज बघितला असता. तेच मला नको होतं. इतकी साधी गोष्ट. तिच्यापासून मी घर नाही लपवलं, मला लपवलं. आता बोलल्यावर किती फुटकळ वाटतंय बघा — एवढ्यासाठी अकरा वर्षं. त्या दाइम्योंना निदान शोगुनानं अडवलं होतं.

मग मी केला फोन. शुक्रवारची वाट नाही बघितली, मंगळवारीच केला, ती पोस्टातून घरी आली असेल त्या वेळेला. सगळं सांगितलं, पत्राची तारीखसुद्धा सांगितली.  मला वाटलं लाइन कट झाली, मी हॅलो हॅलो करतोय. मग तिनं एकच विचारलं. म्हणाली, त्या दुसऱ्या खोलीत काय ठेवलंय? मी म्हटलं, खोकी. बरं, म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर सात आठवडे माझा फोन घेतला नाही. रागावून ओरडली असती तर मला काय बोलायचं ते येतं, माझी सगळी तयारी होती हो, खोक्यांबद्दल मात्र काही तयारी नव्हती.

ती खोली रिकामी केली मी. एकट्यानं नाही, खाली आमचा वॉचमन आहे हाफिज, पेशावरचा, त्यानं मदत केली, खोकी खाली नेली, पलंग आणला, पडदा लावला. शेवटी घाम पुसत विचारतो, साहब, कौन आ रहा है? मी म्हटलं, मॅडम. म्हणाला, कौन मॅडम? मी म्हटलं, मेरी बीवी. त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. त्याला वाटत होतं, माझी बायको वारली आहे. का, तर मी आलो तेव्हा त्यानं विचारलं होतं, फॅमिली? आणि मी म्हणे आकाशाकडे बघून हात हलवला होता. मला म्हणायचं होतं, लांब आहे, विमानानं यायचं. तेव्हापासून दर रमजानला तो तिच्यासाठी दुआ मागत होता, अकरा रमजान. मला पहिली दोन वर्षं कळलंच नाही तो काय म्हणतो ते. कळलं तेव्हा म्हटलं आता कसं सांगायचं, बिचारा इतक्या मनापासून करतोय. ती बाई तिकडे नाशिकरोडच्या पोस्टात बसून लोकांची पासबुकं भरतीये आणि इथं एक पठाण तिच्या आत्म्याला शांती मागतोय, आणि नवरा काय म्हणतोय — शुक्रन. शुक्रन, आभारी आहे, म्हणायचो मी त्याला.

हसा, हसा तुम्ही. मी पण हसलो, तिथं पायरीवर बसून, हाफिज नाही हसला. तो म्हणाला, साहब, जिंदा औरत के लिए तो आप को ही माँगना पड़ेगा. आणि उरलेली खोकी घेऊन गेला.

मग मी तिकीट पाठवलं. सोबत लांबलचक पत्र लिहिलं होतं, चार पानी, त्यात शोगुनाचा उल्लेख आला तेव्हा फाडलं. नुसतं तिकीट आणि खाली दोन ओळी — यायचं असेल तर ये, नाही आलीस तरी मी विमानतळावर असेन. उत्तर नाही. काल पूर्णिमाचा मेसेज आला, हा बघा, आईनं रजा टाकलीये, कुठे जाणार विचारलं तर सांगितलं नाही. बस. आता रजा काय, माणूस त्र्यंबकेश्वरला जायलाही टाकतो, बहिणीकडे जायलाही टाकतो. तर मी आलो. दहापासून बसलोय. शर्ट हाच, रोजचा ऑफिसचा, बघा, कॉलर उसवलीये. मुद्दाम घातला. नाही, तेही मुद्दामच झालं म्हणा, मी काही साधं करूच शकत नाही —

ती लाल ओढणी — नाही. ती नाही. गुजराती आहेत, घोळका आहे त्यांचा. मुंबईचे सगळे निघाले वाटतं बाहेर. बॅगांवरचे टॅग बघतोय मी मघापासून, आता दुसऱ्याच विमानाचे यायला लागले. तुमचं हैदराबादचं उतरलं बघा बोर्डावर. सासूबाईंना व्हीलचेअर सांगितली आहे का? मग त्यांना आधी बाहेर काढतात, त्या लिफ्टकडच्या बाजूनं, तिकडे उभे राहा तुम्ही. नाही, मी ठीक आहे. मी बसतो. एक वाजेपर्यंत बसेन. दोनपर्यंत. मग काय, घरी जाईन, पडदा लावलाय तो — कुणीतरी राहील त्या खोलीत, कुणी नवीन पोरगा आला मंडळाचा तर —

थांबा.

नाही, तुम्ही नका वळू, वळून बघू नका. ती आहे. खांबाजवळ. पंजाबी ड्रेस घातलाय तिनं, पायात बूट, म्हणून मला ओळखू आली नाही, मी साडी शोधत होतो. दोन माणसांना पत्ता दाखवतीये कागदावर. एकच बॅग, एवढीशी, चार दिवसांची असेल. की ही हातातली आहे आणि मोठी मागून — नाही, एकच. बघितलं तिनं. मला बघितलं. ओळखलं. हात केला मी, तिनं नाही केला. का येत नाहीये? तिथंच उभी आहे. बॅग खाली ठेवली तिनं आणि उभी राहिली.

बरोबर आहे. मीच जायचं.

तुम्ही जा आता, सासूबाई येतील. जा. मला हाक मारू नका.